सरकी, तूर, ज्वारी आणि एक मूग

बेल्याच्या शिवारात कापसाची पऱ्हाटी फुटली की पहिल्या वेचणीला सीतादही करतात. सुधाकररावांच्या वावरात त्यांच्या बायकोनं, रेणुकाबाईंनी, पहिल्या तासाशी, म्हणजे पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीशी, सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात चारी अंगांना शिंपडला. पुढचं काम मनकर्णाचं. गेली बावीस वर्षं दहीभात रेणुकाबाईंचा आणि गाणं मनकर्णाचं, अशीच वाटणी होती. मनकर्णा विहारात जाणारी बाई. पूजेला ती हात लावत नसे. पण मातीचं गाणं म्हणायला तिला कधी आडकाठी वाटली नाही. वेचणाऱ्या चौदा बायांच्या टोळीची ती पुढारीण होती, आणि तिच्या गाण्याशिवाय टोळीतली एकही बाई पहिलं बोंड तोडत नसे.

तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरू केलं :

*पहिली माझी ओवी गं, फुटल्या बोंडाला,*
*धुतलं पांढरं हसू आलं मातीच्या तोंडाला...*

‘तोंडाला’ची तान वर न्यायची होती. दरवर्षी ती तान पार नाल्यापलीकडच्या वावरात जायची, तिथली माणसं मान वर करायची. या वर्षी तान दातांशीच अडली. तोंड पुरतं उघडायला गेली तो उजव्या गालाच्या आतून इंगळासारखी आग उठली. सूर चिरकला आणि खाली पडला.

चौदा बायांनी एकमेकींकडं पाहिलं. 

“सर्दी झाली असंन,” विमलबाई घाईनं म्हणाली. विमलबाई ही मनकर्णाची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, शेजारच्या तासाची वेचकरीण. “चला वं बायाहो, ऊन चढून राह्यलं!”

बाया पऱ्हाटीत शिरल्या. मनकर्णा बांधाकडं तोंड करून उभी राहिली. लाज वाटली की हात जिथं जातो तिथंच तिचा हात गेला. कमरेची चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतला, चुना लावला, अंगठ्यानं मळला आणि चिमूट उजव्या गालात ठेवली. जिथं आग होत होती, नेमकी तिथंच.

---

घरात ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती सुनेनं. प्रगती तामसीच्या शाळेत मास्तरीण होती, रोज बसनं जायची-यायची. मनकर्णाचा मुलगा संघपाल आदिलाबादला कारकून. त्याला कागद वाचता यायचे, आईचं ताट वाचता यायचं नाही. प्रगतीला यायचं. सासू ठेच्याकडं बघत नाही, भाकर दुधात कुस्करते, घास डावीकडंच ठेवते, हे तिनं आठ दिवस पाहिलं आणि शनिवारी सासूला बसमध्ये बसवलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. “नोरु तेरवंडी, अम्मा,” ती तेलुगूत म्हणाली, मग हिंदीत, “मुँह खोलो.” बॅटरी आत लावून तिनं बराच वेळ पाहिलं. गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा होता.

डॉक्टरीण सरळ बोलली. आज हा कर्करोग दिसत नाही, उद्या होऊ शकतो. तंबाखू पूर्ण सुटला तर चट्टा आपोआप विरण्याची आशा आहे. दोन महिन्यांनी या. तसाच असला, तर तेवढा भाग कापून तपासायला पाठवावा लागेल.

“कापल्यावर गाणं येते का?” मनकर्णानं विचारलं.

डॉक्टरणीनं प्रगतीकडं पाहिलं. “गाल शिवला की तोंड पहिल्यासारखं उघडेलच, असं सांगता येत नाही.”

परतीच्या बसमध्ये मनकर्णा खिडकीला टेकून बसली.  बेल्याला उतरल्यावर म्हणाली, “परवा पौर्णिमा हाय. विहारात सगळ्याईसमोर शपथ घेतो. संपला विषय.”

“नका घेऊ, आई.”

“काऊन?”

“याच्याआधी तीनदा घेतली तुमी.”

खरं होतं ते. एकदा बाबासाहेबांच्या फोटोपुढं, एकदा संघपालच्या लग्नात, एकदा नातवाच्या डोक्यावर हात ठेवून. पहिली अकरा दिवस टिकली, दुसरी चार, तिसरी दीड. आणि प्रत्येक वेळी एक चिमूट खाल्ली की मनकर्णाच्या मनात सगळा घडाच फुटायचा. शपथ मोडली तर मोडलीच. आता एक काय नि दहा काय! त्या संध्याकाळी ती आधीपेक्षा दुप्पट खायची. याहून वाईट एक गोष्ट होती, ती तिनं कधी कोणाला सांगितली नव्हती. दर पौर्णिमेला ती पंचशील म्हणायची, नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील सर्वांत मोठ्या आवाजात म्हणायची, आणि तेव्हाही चिमूट गालातच असायची. म्हणताना ती तिथं आहे हे तीस वर्षांत तिला कधी जाणवलं नाही; कळायचं ते घरी आल्यावर.

“मंग काय करू? तू सांग, मास्तरीण.”

“पहिले आठ दिवस सोडू नका. खा.”

मनकर्णानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू सून उन्हानं बह्याड झाली असावी.

“खा, पण मोजा,” प्रगती म्हणाली. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात तिनं सवयींचं शास्त्र ऐकलं होतं, मग आपल्या आवडीनं त्यावरची पुस्तकं वाचली होती. “आई, मी वर्गात लय ओरडत होती, ठावं हाय ना? मीबी शपथा घेतल्या. मंग एक वही केली. कवा ओरडली ते लिवत गेली. पायलं तं काय, पोरं आगाऊ असली म्हणून नाही, दुपारची घंटा झाली की ओरडत होती. भूक लागायची मले. डबा अर्धा तास आधी खाल्ला, ओरडणं अर्धं झालं. सवय माणसाच्या मनात कमी राह्यते, जागेत अन् वेळेत जास्त राह्यते. तिची जागा सापडली पायजे.”

मनकर्णाला लिहिता यायचं, पण वावरात वही कोण नेणार? मग दोघींनी मिळून युक्ती काढली. पदराच्या एका गाठीत रिकामी पुडी, दुसऱ्या गाठीत दाणे. चिमूट घेतली की एक दाणा तिच्यात टाकायचा. वेचताना कमरेची कापसाची ओटी रिकामी करायला गेल्यावर खाल्ली तर सरकी. चहा-जेवणावर खाल्ली तर ज्वारी. कोणी हातावर ठेवली म्हणून खाल्ली तर तूर.

---

आठव्या दिवशी संध्याकाळी सासू-सुना अंगणात बसल्या आणि पुडी सुपात ओतली. प्रगती दाणे निवडू लागली. ज्वारी नऊ. तूर चौदा. आणि सरकी? सरकीचा ढीगच होता. एकाहत्तर.

“माय वं!” मनकर्णानं तोंडावर हात ठेवला. “इतकी खाल्ली म्या?”

“ते सोडा. हे पाहा ना. सगळ्यात जास्त ओटी सोडतानाच.”

“मंग काम अवघड असते ना पोरी. थकवा येते.”

“थकवा घरी येत नाही? सांजच्याले तं तुमी मेल्यावानी पडता. तवा ज्वारी नऊच.” प्रगतीनं सरकीचा एक दाणा चिमटीत धरला. “ओटी सोडता तवा नेमकं काय करता, पहिल्यापासून सांगा.”

मनकर्णा सांगू लागली. कमरेची ओटी कापसानं गच्च भरली की बांधावरच्या गाठोड्याशी जायचं. ओटी सोडायची. मग पाठ सरळ करायची, दोन्ही हात कमरेवर ठेवून. तेवढ्यात विमल येते. तिची पण ओटी भरलेली असते, तिनं तशी वेळ साधलेली असते. मग दोघी मळतात. विमल सुनेचं गाऱ्हाणं सांगते, ही ऐकते. ही हसली की विमल हसते. मग परत वाकायचं.

सांगता सांगता ती थांबली. सुपातल्या सरकीकडं पाहत राहिली.

“तंबाखू नसला,” ती हळूच म्हणाली, “तं आमाले कोण उभं राहू देईन? दोन बाया नुसत्या उभ्या दिसल्या तं मालक म्हणंन, गप्पा हाणून राह्यल्या. हातात चंची असली की कोणी काई म्हणत नाही.”

  तीस वर्षं मनकर्णाला वाटत होतं की जिभेला तंबाखू लागतो. पाठीला क्षणभर सरळ व्हायचं होतं आणि जिवाला मैत्रीण हवी होती, एवढंच होतं ते.

“मंग उभ्या राहा,” प्रगती म्हणाली. “विमलमावशीसंगच राहा. चंचीच्या जागी दुसरं काय ठेवता?”

मनकर्णानं ओठ मिटून विचार केला. मग तिचा चेहरा असा उजळला की सुनेला हसू आलं.

“ओवी,” ती म्हणाली. “ओटी सोडली की ओवी. येक ओळ म्या म्हणायची, येक तिनं. तोंडात तंबाखू असला की म्हणता येत नाही.”

“अन् गाणं म्हणताना कोणी बोलंन का तुमाले?”

“कोणाची बिशाद हाय!”

चंची फेकायची नाही, असंही प्रगतीनं ठरवलं. फेकली की दुसरी घेता येते. ती सात गाठी मारून आढ्याला टांगली. काढायची तर शिडी आणावी लागेल, शिडी शेजाऱ्यांकडून मागावी लागेल, आणि शेजारीण विचारल्याशिवाय राहणार नाही.

---

दुसऱ्या दिवशी बांधावर विमलबाईनं चंची पुढं केली. मनकर्णानं हात मागं घेतला.

विमलबाईचा चेहरा उतरला. त्या गावात चंची नाकारणं म्हणजे चहाचा कप ओतून देणं. “काऊन वं? माह्या हातचा विटाळ झाला तुले?”

“तसं नाही, बाप्पा. ऐक.” मनकर्णानं कमरेवर हात ठेवले, पाठ सरळ केली आणि आग होणार नाही एवढंच तोंड उघडून म्हटलं :

*ओटी झाली जड माय, कंबर वाकून गेली,*
*विमल माही मैतरीण, तिनं हाक दिली...*

“आता तू म्हण.”

“मी? मले काय येते गाणं-बिणं!”

“म्हण वं. नाईतं मी हलत नाही.”

विमलबाईनं इकडंतिकडं पाहिलं. तिचा मळलेला तंबाखू तळहातावरच होता. ती खाकरली आणि बेसूर, पण ठसक्यात म्हणाली :

*हाक दिली म्या बाई, तंबाखू मळाले,*
*मनकर्णा झाली गाणारी, चुना लागला वाळाले!*

पऱ्हाटीतून तेरा ठिकाणांहून हसू फुटलं. मनकर्णा तर गाठोड्यावरच बसली. हसताना गाल दुखला, तरी ती हसत राहिली.

सोपं नव्हतं ते. पहिले आठ दिवस डोकं ठणकायचं, हात आपोआप कमरेकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. ती शेळीवर ओरडली, संघपालवर ओरडली, एकदा तर चुलीवर ओरडली. पण ओटी भरायची, आणि ओटी भरली की ओळ सुचलेली असायची. वाकलेल्या पाठीनं ती शब्द जुळवत राहायची, बोंड आणि शब्द एकाच हातानं वेचावेत तसे. कधी विमलच्या चंचीतून चिमूट उचलली जायचीच, पण सरकी रोज कमी होत गेली. पंधराव्या दिवशी पुडीत फक्त दोन तुरीचे दाणे निघाले. सोळाव्या दिवशी पुडी रिकामी.

एकोणिसाव्या दिवशी नेरडीगोंड्याहून निरोप आला. तिचे चुलतभाऊ बाबाराव गेले.

दुखवट्याच्या घरी तिकडे आधी पाणी येतं, मग तंबाखू-सुपारीचं ताट. बोलायला शब्द नसतात तेव्हा माणसं ताटाकडं हात नेतात. मनकर्णाच्या पुढं ताट आलं, तिनं आजूबाजूला पाहिलं नाही, विचार केला नाही. चिमूट गालात गेल्यावरच तिला कळलं की ती गेली.

घरी आल्याबरोबर ती शेजारणीकडं गेली आणि शिडी मागितली.

प्रगती शाळेतून आली तेव्हा सासू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती, हात आढ्याकडं गेलेला, डोळ्यांत पाणी.

“मोडलं पोरी,” ती म्हणाली. “चौथ्यांदा मोडलं. माह्यानं होत नाही.”

प्रगतीनं पिशवी खाली ठेवली. सासूला उतरा म्हटलं नाही. धान्याच्या डब्यात ठेवलेली पुडी आणली आणि विचारलं, “कोणता दाणा टाकायचा?”

“काय?”

“दुखवट्याच्या घरी खाल्ली ना? सरकी नाही, ज्वारी नाही. कोणी हातावर ठेवली, पण तूर म्हणावं तं तसंबी नाही. या जागेचा दाणाच आपल्याजवळ नव्हता, आई. या जागेची तयारीच केली नव्हती आपण.”

मनकर्णा शिडीवर उभी राहिली. शपथ असती तर आज तुकडे झाले असते. पण शपथ घेतलीच नव्हती. मोडायला काही नव्हतं. एक दाणा होता, आणि दाण्याचं नाव सापडायचं बाकी होतं.

ती एक पायरी उतरली. मग दुसरी.

“मूग टाक,” ती म्हणाली. “हिरवा असते. दिसंन.”

त्या संध्याकाळी भाकर खाताना दोघींनी ठरवलं की पुढच्या दुखवट्याला काय करायचं. मनकर्णानंच सुचवलं. “ताट आलं की हात मोकळे नसले पायजेत,” ती म्हणाली. “ज्या बाईचं दुःख हाय, तिचे दोन्ही हात मी माह्या दोन्ही हातात घेईन. ताट पुढं जाईपर्यंत सोडणार नाही.”

---

ती वेळ लवकरच आली. तीन आठवड्यांत तामसीच्या द्वारकाबाईचा नवरा, लक्ष्मणराव, अचानक गेला. द्वारकाबाई मनकर्णाच्या टोळीतली जुनी वेचकरीण. घर बायांनी भरलेलं, कोपऱ्यात द्वारकाबाई भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळे कोरडे, कोणाकडंच न पाहणारी.

पाणी आलं. मग दारातून ताट येताना मनकर्णाला दिसलं. तिचा हात उचलला गेला. कुठं जायचं हे त्याला तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

पण त्याच्या आधी तिनं ठरवलेलं वाक्य मनात उमटलं, नेमकं, जशी ओटी सोडताना ओवी यायची. ती सरकत गेली आणि द्वारकाबाईचे दोन्ही हात धरले. थंडगार हात होते. ताट समोर आलं. ताट घेऊन आलेली मुलगी क्षणभर थांबली, मनकर्णाचे हात गुंतलेले पाहिले आणि पुढं गेली.

ताट गेलं, पण मनकर्णानं हात सोडले नाहीत. थोड्या वेळानं त्या थंड हातांनी तिला घट्ट धरलं आणि सकाळपासून न रडलेली द्वारकाबाई तिच्या खांद्यावर पडून रडू लागली.

दहा दिवसांनी द्वारकाबाई भेटली तेव्हा म्हणाली, “त्या दिशी सगळे आले वं. सगळ्याईनं ताटातलं घेतलं अन् खाली पायलं. तू एकटीच माह्याकडं पायलं.”

त्या संध्याकाळी मनकर्णानं पुडी उघडली. रिकामीच होती. तिनं ती तशीच दुमडली, पण या वेळी जरा हळू, जणू आत काहीतरी होतं.

---

जानेवारीत डॉक्टरणीनं पुन्हा बॅटरी लावली. “नोरु तेरवंडी.”

मनकर्णानं तोंड उघडलं. पुरतं उघडलं.

डॉक्टरणीनं बॅटरी या बाजूनं लावली, त्या बाजूनं लावली. मग परिचारिकेला हाक मारली. जिथं रुपया होता, तिथं आता मसुरीच्या डाळीएवढी एक फिकट खूण होती. कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवा, आणि जे चाललंय ते चालू ठेवा.

“क्या किया, अम्मा? कौनसी दवाई ली?”

मनकर्णानं हिंदी जुळवली. “दवाई नहीं. कपास का बीज गिना.”

डॉक्टरीण प्रगतीकडं पाहत राहिली. प्रगती भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहत राहिली, कारण तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही.

फेब्रुवारीत सुधाकररावांच्या वावरात शेवटची वेचणी झाली. पऱ्हाटी वाळून खडखडत होती, बोंडं तुरळक, पण बाया सगळ्या आल्या होत्या. शेवटच्या तासाशी ओट्या सुटल्या. रेणुकाबाई गूळ-शेंगदाणे घेऊन आल्या. विमलबाई बांधावर उभी राहिली आणि कमरेची चंची सोडू लागली.

“आता नको वं,” मनकर्णा म्हणाली, “आता तं गायचं हाय.”

“थांब ना.” विमलबाईनं चंची उघडली. तंबाखूच्या कप्प्यात चिमूटभरच होता. दुसऱ्या कप्प्यात सरकीचे दाणे होते. “कालच्या नऊ, आजच्या सहा,” ती म्हणाली, आणि लगेच डोळे वटारले. “माह्या सुनेले सांगशीन तं तंगडं मोडीन! ओवीच्या येळेले मलेबी खाता येत नाही ना तुह्यापायी.”

मनकर्णानं तिचा हात धरला आणि तिला पहिल्या तासाच्या टोकाशी नेलं, जिथं कार्तिकात मनकर्णाचा सूर पडला होता. पदर सावरला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

*शेवटची वेचणी बाई, पऱ्हाटी झाली रिती,*
*माह्या तोंडात मावेना गाणं, सांगू कोणा किती...*

‘किती’ची तान तिनं सोडली. तोंड उघडलं, आग नव्हती. तान पऱ्हाटीवरून गेली, गाठोड्यांवरून गेली, नाला ओलांडून गेली. पलीकडच्या वावरात बैलगाडी भरणाऱ्या माणसांनी माना वर केल्या. इकडं चौदा बायांनी ती ओळ उचलली, त्यात विमलबाईचा बेसूर आवाज सर्वांत वर होता, आणि मनकर्णानं तो खाली येऊ दिला नाही. तिनं आपला सूर आणखी चढवला.